रेडियमच्या पाटीवर टोनरची छपाई

आपल्याकडे ज्या चकाकत्या शीटला सर्रास ‘रेडियम’ म्हटले जाते, तिच्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते आणि ती स्वतःहून प्रकाशतही नाही. साध्या प्रतीच्या परावर्ती शीटमध्ये पारदर्शक थराखाली काचेचे अतिसूक्ष्म मणी बसवलेले असतात आणि त्यांच्यामागे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. गाडीच्या दिव्याचा प्रकाश मण्यात शिरताना वाकतो, मागच्या थरावर आदळतो आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत फिरतो. वरच्या प्रतींमध्ये मण्यांचे काम सूक्ष्म प्रिझम करतात. ही रचना आधी समजून घ्यावी, कारण आपण छापलेला रंग या प्रकाशाच्या वाटेत आडवा येतो आणि छपाईचे बहुतेक निर्णय त्यावरच ठरतात.

प्रकाश रंगातून एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना, असा दोनदा गाळला जातो. एखाद्या रंगाचा थर निम्मा प्रकाश आरपार सोडत असेल, तर परत येताना त्याचाही निम्माच उरतो, म्हणजे डोळ्यापर्यंत 25 टक्केच पोहोचतो. त्यामुळे दिवसा मध्यम वाटणारा निळा रात्री जवळजवळ काळा दिसतो. काळ्या टोनरमध्ये (टोनर म्हणजे लेझर प्रिंटरमधली रंगाची पूड) काजळीसारखा कार्बन असतो आणि तो प्रकाश शोषून घेतो; निळसर, किरमिजी आणि पिवळा हे टोनर मात्र बऱ्याच अंशी पारदर्शक असतात. यावरून पहिला नियम निघतो: रंगीत भागात काळ्याची भेसळ होऊ देऊ नये. अनेक प्रिंटर गडद रंग तयार करताना आपणहून थोडा काळा मिसळतात, म्हणून रंगांची टक्केवारी स्वतः ठरवावी आणि त्यात काळ्याचे प्रमाण शून्य ठेवावे. काळा टोनर फक्त अक्षरांसाठी किंवा रात्री मुद्दाम अंधारा ठेवायच्या भागासाठी वापरावा.

फिकट छटाही टाळाव्यात, असे माझे मत आहे. टोनरचा प्रिंटर फिकट गुलाबी रंग सुट्या ठिपक्यांनी साधतो. रात्री त्या ठिपक्यांमधली मोकळी जागा इतकी उजळते की छटा पुसट होते. भरीव रंग, मोजके आकार आणि मोठी अक्षरे हेच या माध्यमाला मानवते.

देवनागरीसाठी येथे विशेष काळजी घ्यावी लागते. उजळ पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असतील, तर रात्री पार्श्वभूमीची चमक पसरून बारीक रेघा खाते. अनुस्वार आणि रफार सर्वांत आधी हरवतात. गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे असतील, तर उलट घडते, म्हणजे अक्षरांचीच चमक पसरून त्यांच्या आतली पोकळी बुजते आणि ‘घ’ व ‘ध’ किंवा ‘भ’ व ‘म’ यांतला फरक काही अंतरावरून कळेनासा होतो. म्हणून पहिल्या प्रकारात जाड वळणाचा टंक निवडावा, दुसऱ्या प्रकारात मध्यम जाडीचा व मोकळ्या पोकळ्यांचा टंक घ्यावा, आणि दोन्हींमध्ये अक्षरांमधले अंतर नेहमीपेक्षा थोडे वाढवावे.

आता प्रत्यक्ष छपाई. कोरड्या टोनरची पूड विद्युतभाराच्या ओढीने कागदावर बसते आणि मग फ्यूजरमधील तापलेल्या रुळाखाली वितळून चिकटते; रुळाचे तापमान साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस असते. बाजारातली नेहमीची परावर्ती शीट अशा प्रिंटरमध्ये थेट घालू नये. तिचा प्लॅस्टिकचा वरचा थर या उष्णतेत मऊ होऊन आक्रसतो, कडांमधून गोंद बाहेर येतो, आणि आतला धातूचा थर विद्युतभार वाहून नेत असल्यामुळे टोनर सारखा बसत नाही. सुरुवातीला मी हा प्रयोग केला होता. शीट रुळाला गुंडाळली गेली आणि फ्यूजरचा संपूर्ण भाग बदलावा लागला. ‘टोनरच्या उष्णतेस योग्य’ असे उत्पादकाने लेखी नमूद केलेली शीट मिळाली, तरच थेट छपाईचा विचार करावा.

त्याऐवजी मधला मार्ग घ्यावा. लेझर प्रिंटरसाठीच बनवलेली, मागे गोंद असलेली पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घ्यावी. प्रिंटरमध्ये जाड कागदाची किंवा पारदर्शक फिल्मची सेटिंग निवडावी, म्हणजे फिल्म फ्यूजरमधून सावकाश जाते आणि टोनर नीट वितळतो. टोनर बचतीचा पर्याय बंद ठेवावा, फिल्म हाताने एकेक करून घालावी आणि मागचे झाकण उघडून ती सरळ बाहेर येईल असे पाहावे. छापलेली फिल्म पूर्ण थंड झाल्यावर एका कोपऱ्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी; पट्टीवर रंग आला, तर टोनर पुरता वितळलेला नाही आणि त्या फिल्मवर पुढचे श्रम वाया जातील.

या टप्प्यावर रात्रीची चाचणी घ्यावी. छापलेली फिल्म परावर्ती शीटच्या तुकड्यावर नुसती ठेवावी, खोलीत अंधार करावा, 10 मीटर मागे जाऊन विजेरी डोळ्याशेजारी कानशिलाला लावून धरावी आणि मग पाहावे. विजेरी कमरेजवळ धरली, तर शीट मंद दिसेल, कारण प्रकाश आला तिकडेच परततो. रंग फार काळवंडलेला वाटल्यास त्याची टक्केवारी कमी करून पुन्हा छापावे. मी दर वेळी एका पट्टीवर एकाच रंगाच्या 5–6 तीव्रता छापून घेतो. त्याने फिल्मची बरीच नासाडी वाचते.

चिकटवण्याचे काम धूळ नसलेल्या जागी करावे. ॲल्युमिनियमचा पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. त्यावर आधी परावर्ती शीट, तिच्यावर छापलेली फिल्म आणि सर्वांत वर अतिनील किरण अडवणारे थंड (उष्णता न देता नुसत्या दाबाने चिकटणारे) लॅमिनेशन, या क्रमाने थर बसवावेत आणि प्रत्येक थर मधून कडेकडे स्क्वीजीने, म्हणजे सपाट दाबपट्टीने, दाबत न्यावा. पाणी फवारून चिकटवण्याची सवय येथे सोडावी, कारण आत राहिलेली ओल धातूच्या थराला मारक ठरते. लॅमिनेशन टाळू नये. उन्हात काळा टिकतो, पण पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात. कापलेल्या कडांवर पारदर्शक वार्निश फिरवावे, अन्यथा पावसाळ्यात पाणी कडेने शिरते आणि शीट तिथून करडी पडू लागते.

विहिरीजवळची धोक्याची सूचना, वस्तीकडे वळणाऱ्या वाटेचे नाव, सोसायटीच्या पार्किंगमधले क्रमांक, ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचा कारखान्यातील क्रमांक, अशा प्रत्येक नगाचा मजकूर वेगळा असलेल्या छोट्या पाट्यांना ही पद्धत योग्य आहे, कारण स्क्रीन छपाईप्रमाणे प्रत्येक मजकुरासाठी वेगळी चौकट बनवावी लागत नाही. सार्वजनिक रस्त्यांवरच्या वाहतूक चिन्हांसाठी मात्र इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 67 या संहितेचे निकष लागू होतात आणि वाहनाची नोंदणी पाटी अधिकृत उच्च सुरक्षा पाटीच असावी लागते. ही दोन्ही कामे या पद्धतीने करू नयेत. ट्रॉलीच्या मागे क्रमांकाची पाटी लावली म्हणून लाल परावर्ती पट्ट्यांची गरज संपत नाही, हेही मालकाला स्पष्ट सांगावे.

रस्त्याकडेची पाटी बसवताना ती येणाऱ्या वाहनाच्या अगदी काटकोनात न ठेवता रस्त्यापासून किंचित, सुमारे 5 अंश, बाहेरच्या बाजूला वळवावी. लॅमिनेशनच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून दिव्याची आरशासारखी तिरीप थेट चालकाच्या डोळ्यांत गेली, तर अक्षरे वाचता येत नाहीत. एवढ्या वळणाने ती तिरीप बाजूला जाते आणि मण्यांनी परत पाठवलेला प्रकाश मात्र चालकापर्यंत पोहोचतो.