फराळ पार्सलने पाठवताय? खर्च खोक्यावरून काढा

घरचा फराळ ऑनलाइन विकायला लागले, त्या पहिल्या दिवाळीत मी कुरिअरचा खर्च स्वयंपाकघरातल्या काट्यावर काढला. एक किलो चकली, अर्धा किलो चिवडा, अर्धा किलो शंकरपाळे, म्हणजे दोन किलो. गिऱ्हाइकाकडून दोन किलोचे पैसे घेतले आणि बिल आलं साडेतीन किलोचं. बिल बरोबरच होतं. चिवडा वजनाला हलका, पण जागा फार खातो, आणि कुरिअरवाले जागेचेही पैसे लावतात. तेव्हापासून माझा हिशेब चिकटपट्टी मारून तयार झालेल्या खोक्यापासून सुरू होतो.

१. भरलेलं खोकं मोजा

नेहमी जाणाऱ्या ऑर्डरचं एक खोकं खरोखर भरा. डबे, बबलरॅप, कोपऱ्यातले कागदाचे बोळे, चिकटपट्टी, सगळ्यासकट वजन करा. मग टेपने बाहेरून लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या. खोकं फुगलं असेल तर फुगवट्यावर मोजा, कारण कुरिअरच्या गोदामातही तिथेच मोजतात.

आता तिन्ही मापांचा गुणाकार करून ५००० ने भागा. हे झालं व्हॉल्युमेट्रिक वजन. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे पडतात. काही कंपन्या, विशेषतः रस्त्याने जाणाऱ्या मालाला, ५००० ऐवजी दुसरा आकडा धरतात. म्हणून दरपत्रक मागताना पहिला प्रश्न हाच विचारा.

माझं पहिलं खोकं ३५ × २५ × २० चं होतं. गुणाकार १७,५००, भागून ३.५ किलो. काट्यावर मात्र ते २.४५ किलोच भरत होतं. पुढे शंकरपाळ्यांची पिशवी तळाशी सपाट पसरली, चकलीचा डबा मध्ये ठेवला, चिवडा वर घातला, आणि तोच फराळ ३० × २५ × १६ च्या खोक्यात बसला. १२,००० भागिले ५०००, म्हणजे २.४ किलो. एक किलोचे पैसे वाचले. बेसनाच्या लाडवांना ही कसरत लागत नाही. ते घट्ट आणि जड, तिथे काटाच खरा. चकलीच्या भोवतीची मऊ भर मात्र कमी करू नका. चुरा पोहोचला तर पुन्हा पाठवावी लागते.

२. स्लॅब बघा

बहुतेक दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात. ५२० ग्रॅम झाले की एक किलोचे पैसे. म्हणून पाकिटाचं वजन ठरवतानाच हा विचार करा. मसाल्याचं पाकीट ५०० ऐवजी ४०० ग्रॅमचं केलं, तर वेष्टनासकट ते पहिल्याच टप्प्यात बसू शकतं.

हिशेब समजावा म्हणून दर धरू: पहिल्या अर्ध्या किलोला ४५ रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५. साडेतीन किलोचे २५५ होतात, अडीच किलोचे १८५. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ३००.९० आणि २१८.३०. नुसतं खोकं बदलल्याने ८२.६० रुपयांचा फरक. काही कंपन्या इंधन अधिभार वेगळा लावतात, तोही विचारून घ्या. तुमची जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर कुरिअरवरच्या कराचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होते. नोंदणी नसेल तर तो सगळा तुमचाच खर्च.

३. पिनकोड टाकून दर काढा

दर अंतरावर किंवा झोनवर, म्हणजे कुरिअर कंपनीने पाडलेल्या विभागावर, ठरतो, आणि झोन नकाशातल्या राज्याप्रमाणेच चालेल असं नाही. कोल्हापूरहून नागपूरपेक्षा बंगळूर जवळ आहे! मी सहा पिनकोड ठरवून ठेवलेत: आपलंच गाव, मुंबई ४००००१, नागपूर ४४०००१, बंगळूर ५६०००१, दिल्ली ११०००१ आणि गुवाहाटी ७८१००१. एकाच वजनाला या सहांचे दर काढून वहीत लिहिले की चित्र स्पष्ट होतं. ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरला दर बहुधा सगळ्यांत जास्त. स्पीड पोस्टचा दरही सोबत काढा. लहान गावांत पोस्ट हमखास पोहोचतं.

४. न दिसणारा खर्च जोडा

खोकं, बबलरॅप, चिकटपट्टी, पत्त्याची चिठ्ठी मिळून समजा ४० रुपये. मग अडीच किलोच्या पार्सलचा खरा खर्च २५८ रुपयांच्या घरात गेला.

कॅश ऑन डिलिव्हरी घेत असाल तर तिचं शुल्क वेगळं, आणि परत येणाऱ्या पार्सलांचं ओझं त्याहून मोठं. ५० पार्सलांतली ५ परत आली आणि जाण्याचे-येण्याचे दोन्ही पैसे पडले, तर २१८.३० च्या दुपटीने २,१८३ रुपये जातात. पोहोचलेल्या ४५ पार्सलांवर प्रत्येकी ४८ रुपयांहून जास्त. वर परत आलेला फराळ विकता येत नाही. खाण्याच्या वस्तू आगाऊ यूपीआय घेऊनच पाठवाव्यात, हे माझं ठाम मत आहे.

५. गिऱ्हाइकाला सांगायचा आकडा

प्रत्येकाला वेगळा दर सांगत बसणं दिवाळीच्या गर्दीत जमत नाही. गेल्या तीसेक पार्सलांच्या पावत्या काढा, महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्या वेगळ्या करा, आणि दोन्हींची सरासरी काढून दोनच दर ठेवा. ईशान्येकडच्या ऑर्डरला मात्र विचारून दर सांगा. ‘डिलिव्हरी मोफत’ लिहायचं असेल तर तो खर्च वस्तूच्या किमतीत आधी घाला, आणि किमान किती रुपयांच्या खरेदीवर मोफत तेही लिहा. २०० रुपयांच्या चिवड्यावर मोफत डिलिव्हरी कुणालाच परवडत नाही.

पार्सल देण्यापूर्वी काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा आणि टेप लावून तिन्ही मापांचा फोटो काढा. बिलात वजन जास्त लागलं तर तक्रारीला तोच पुरावा. तक्रारीची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून बिलं दर आठवड्याला वहीशी ताडून बघा.