अठरा-पंचावन्नमधून अजून बरंच निघायचं आहे

फोटोग्राफी शिकायला लागून सहा महिने झाले की बहुतेकांच्या डोक्यात एकच घोळ सुरू होतो: आधी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलावी की लेन्स? हातात कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५००, पुढे कॅमेऱ्यासोबतच मिळालेली अठरा-पंचावन्न एमएमची किट लेन्स, आणि मोबाइलवर रोज कुणीतरी नवी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी, दाखवत असतं. पैसे मोजण्याआधी आपली अडचण आकड्यांत सांगता आली पाहिजे. ‘फोटो तितके भारी येत नाहीत’ ही अडचण नव्हे. ‘५५ एमएमवर एफ/५.६ मिळतं, त्यामुळे लग्नाच्या हॉलमध्ये आयएसओ ६४०० च्या खाली उतरता येत नाही’ ही अडचण. (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान आणि उजेड कमी; आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ती वाढवली की फोटोत दाणे येतात.) दुसरीवर उपाय सापडतो, पहिलीवर फक्त खर्च होतो.

सगळ्यात जास्त खापर फुटतं ते शार्पनेसवरून. फोटो मऊ आला तर तो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून बघा. चेहऱ्यापासून भिंतीपर्यंत सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं, तर हात हललाय. भिंत लख्ख आणि माणूस पुसट, तर माणूस हललाय. डोळे मऊ पण कान किंवा खांदा टोकदार, तर फोकस भलतीकडे बसलाय. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि तिन्ही फुकट आहेत.

हात हलत असेल तर शटरचा वेग वाढवा. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे या कॅमेऱ्यांतल्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ५५ एमएमला १/१०० च्या खाली जाऊ नका. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर १/३० लाही निभावतं. पण स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सावरतं, समोरच्याचा नाही, आणि नवशिक्यांची फसगत नेमकी इथेच होते. बोलणाऱ्या माणसाला १/१२५ तरी हवं, लेझीम किंवा पळणाऱ्या पोराला १/५००. फोकस चुकत असेल तर ऑटो एरिया बंद करून एकच पॉइंट निवडा. १५००डी आणि डी३५०० या दोन्ही बॉडींत फक्त मधला पॉइंट क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, आहे. कमी उजेडात तोच भरवशाचा. त्यातूनही शंका उरली तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एकाच वस्तूचा एक फोटो व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आणि एक लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, काढा. लाइव्ह व्ह्यूतला दर वेळी जास्त शार्प आला, तर बॉडी आणि लेन्सचं फोकसचं जमत नाहीये. ते सर्व्हिस सेंटरमध्ये जुळवून मिळतं. आणि हो, लेन्सवर चढवलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर आधी काढून बघा. दिव्यांसमोर फोटो धुरकट होतो त्याचं निम्मं कारण तोच असतो.

किट लेन्सचं गणित एकदा समजून घेतलं की तिच्याकडून बरंच काम निघतं. १८ एमएमला ती एफ/३.५ उघडते, ५५ ला एफ/५.६. म्हणजे झूम केल्यावर सव्वा स्टॉपच्या वर उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). अंधाऱ्या हॉलमध्ये लांबून झूम करण्यापेक्षा २४-२८ एमएमवर ठेवून दोन पावलं पुढे जाणं फायद्याचं. फक्त चेहरे फ्रेमच्या कडेला ठेवू नका, ताणले जातात. दिवसा भरपूर उजेड असेल तेव्हा एफ/८ वर ही लेन्स सगळ्यात स्वच्छ चालते. एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, पुन्हा मऊ होते. मागचं धूसर हवं असेल तर ५५ वर जा, माणसाच्या जवळ जा, आणि त्याला भिंतीपासून दहा-बारा फूट पुढे ओढा. भिंतीला टेकून उभ्या माणसाची पार्श्वभूमी एफ/१.८ लाही फारशी पुसली जात नाही.

खिडकी ही घरातली सगळ्यात स्वस्त लाइट. माणसाला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, उजेड एका बाजूने पडेल असं बसवा, खोलीतले दिवे बंद करा, आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा सनबोर्ड धरा. एफ/५.६, १/१२५, आयएसओ ४०० ते ८०० इथून सुरुवात करा. दिवे चालू राहिले तर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो, आणि मग व्हाइट बॅलन्स (रंगछटा जुळवायची सेटिंग) कितीही फिरवा, जुळत नाही.

मेगापिक्सेलची चिंता तर सोडूनच द्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. करिझ्मा (लग्नाच्या छापील) अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला ५४०० बाय ३६०० लागतात. उरतातच. आयएसओ ३२००-६४०० ला दाणे दिसत असतील तर आधी जेपीईजीऐवजी रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) शूट करा; २०२३ पासून लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या एआय डिनॉइजने अशा फाइली चांगल्या सावरतात. मुद्दाम काळपट काढून (अंडरएक्स्पोज करून) नंतर उजळवू मात्र नका, सगळ्यात जास्त दाणे त्यातूनच वर येतात.

आहे ते सामान टिकवणं हेही शिकण्यातच येतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाटातल्या बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी चढते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की समजा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहू देऊ नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, दोन-तीनशे ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर पुरतो. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. रंग बदलणारी सिलिका रंग पालटली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला ऐकू नका, पीठ आत जातं. एसीच्या गाडीतून समुद्रावर उतरलात तर अर्धा तास बॅग उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरतं. कॅननवर ‘एरर ०१’ आला तर लगेच घाबरू नका. लेन्स काढून मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

तरीही काही मर्यादा खऱ्याच असतात. भिगवणला होडीतून फ्लेमिंगो टिपायचे तर ५५ एमएममध्ये गुलाबी ठिपकेच येणार. तिथे ५५-२५० किंवा ७०-३०० लागतेच. लग्नाचं पैसे घेऊन काम करणार असाल तर दोन कार्ड स्लॉटची बॉडी हवी, कारण कार्ड उडालं तर अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. ती जमेपर्यंत एखाद्या सिनियरकडे सेकंड शूटर म्हणून जा. मुख्य फोटोंची जबाबदारी त्याच्याकडे राहते. आणि हॉलमधल्या उजेडाची अडचण खरीच असेल, तर बॉडी नको, ५० एमएम एफ/१.८ घ्या. एफ/५.६ पेक्षा ती तीन स्टॉपहून जास्त उजेड घेते, म्हणजे आयएसओ ६४०० चं काम साधारण ६४० वर होतं. क्रॉपवरून फुल फ्रेमवर गेल्यावर मिळणारा फायदा साधारण एकाच स्टॉपचा आहे आणि किंमत कैक पट.

कुठली लेन्स घ्यायची हे ठरवायला लाइटरूमच्या लायब्ररीत मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली कॅमेऱ्याची माहिती) फिल्टर लावा आणि गेल्या वर्षभरातले फोटो फोकल लेंग्थनुसार मोजा. निम्मे फोटो ५५ वर अडकलेले दिसले तर टेली (लांबचं जवळ आणणारी), १८ वर अडकलेले दिसले तर वाइड (जास्त रुंद दृश्य घेणारी). मधेच विखुरलेले असतील तर सध्या काहीच नको. लेन्स ठरली तरी ती आधी दिवसभर भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत ओळखपत्र आणि डिपॉझिटवर सहज मिळते. परत करताना किती फोटो त्या लेन्सशिवाय निघालेच नसते, तेवढे वेगळे काढून ठेवा.