बायबलमधला ‘करार’ वाचताना या चुका टाळा

मराठी वाचकाची अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘करार’ म्हटले की आपल्याला स्टॅम्प पेपर दिसतो: अकरा महिन्यांचा भाडेकरार, डिपॉझिट, दोन साक्षीदार, महिनाभराची नोटीस. हेच चित्र डोक्यात ठेवून बायबलची पहिली दोन पुस्तके, उत्पत्ती किंवा निर्गम, उघडली की वाचन थोडे थोडे घसरत जाते, आणि शब्द ओळखीचा असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. अभ्यासवर्गात मी स्वतः कितीतरी वर्षे असेच शिकवत होतो.

मूळ हिब्रू शब्द ‘ब्रीत’. तो करत नाहीत, कापतात. ‘कारात ब्रीत’, म्हणजे ‘करार कापणे’, हा तिथला नेहमीचा वाक्प्रचार. (आपला ‘करार’ अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे. ‘कारात’शी त्याचे काही नाते नाही, नाद जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळवू नका.)

अब्राम जनावरांमधून चालला असे समजणे

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी चूक हीच. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात देव अब्रामाला (पुढे ज्याचे नाव अब्राहाम झाले) कालवड, शेळी आणि एडका आणायला सांगतो, तिन्ही तीन वर्षांचे. शिवाय एक होला आणि एक पारव्याचे पिल्लू. पक्षी सोडून बाकीची जनावरे मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडले जातात. मांसावर शिकारी पक्षी उतरतात आणि अब्राम त्यांना हुसकत राहतो.

या विधीचा अर्थ यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात उलगडतो. सिद्कीया राजाच्या काळात यरुशलेमच्या लोकांनी वासराच्या दोन तुकड्यांमधून चालत जाऊन करार केला आणि आपले गुलाम मुक्त केले. मग शब्द फिरवून त्यांना पुन्हा धरून आणले. देव म्हणतो, आता तुमची गत त्या वासरासारखी करीन. म्हणजे तुकड्यांमधून चालणे ही स्वतःवर घेतलेली शपथ होती: मी शब्द मोडला तर माझेही असेच होवो. ही कल्पना एकट्या इस्राएलची नव्हे. इ. स. पू. ८व्या शतकातल्या अश्शूरच्या एका तहात कोकराचे डोके दाखवून बजावले आहे की हे कोकराचे डोके नव्हे, शपथ मोडली तर हे मतीइलूचे डोके आहे. मतीइलू हा समोरचा मांडलिक राजा.

आता पुन्हा १५व्या अध्यायाकडे या. सूर्य मावळतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि तुकड्यांमधून जाते ती धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल. अब्राम चालतच नाही. मांडलिकाने घ्यायची शपथ इथे देवच आपल्यावर घेतो. चित्रात दोघांना चालवले की या प्रसंगातला सगळा जीव जातो.

म्हणून कुठल्याही करारापाशी अडलात तर आधी एवढेच पाहा: इथे शपथ कोण वाहतो? निर्गमाच्या २४व्या अध्यायात ती लोक वाहतात. मोशे अर्धे रक्त वेदीवर टाकतो, लोक ‘परमेश्वराने सांगितले ते सर्व आम्ही करू’ म्हणतात, आणि मग उरलेले रक्त त्यांच्यावर शिंपडले जाते. उत्पत्ती ९ मध्ये नोहाकडून काही वदवून घेतलेले नाही. तो करार तर त्याच्याबरोबर तारवातून उतरलेल्या पशुपक्ष्यांशीही आहे, आणि त्यांच्या सह्या कोण घेणार?

आज्ञा आधी, सुटका नंतर असे वाचणे

दहा आज्ञा म्हणजे अटींची यादी, त्या पाळल्या तर देव आपला, असा हिशेब आपण सहज मांडतो. पण निर्गम २०:२ पाहा. पहिल्या आज्ञेच्या आधीच वाक्य येते: मिसरच्या दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा परमेश्वर तो मी. सुटका होऊन गेली आहे, आज्ञा मागून येतात.

हाच क्रम हित्ती राजांच्या तहांत सापडतो. त्यांची राजधानी हत्तूशा, आजच्या तुर्कस्तानात. १९०६ पासूनच्या उत्खननात तिथून मातीच्या हजारो लेखपट्टिका निघाल्या. त्यांतल्या तहांत आधी सम्राटाची ओळख, मग त्याने मांडलिकासाठी काय केले त्याचा इतिहास, मग अटी, साक्षी देवता, शाप आणि आशीर्वाद. बायबलचे अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४ मध्ये हे साम्य मांडले आणि पुढे करारांच्या अभ्यासाची दिशाच बदलली.

इथे उलटी चूकही होते. काही जण हा साचा घेऊन बायबलमधल्या प्रत्येक करारावर बसवत सुटतात, आणि तेवढ्यावरून ‘अनुवाद’ हे बायबलमधले पाचवे पुस्तक मोशेच्याच काळातले असल्याचा निकाल देतात. अनुवाद २८ मधल्या शापांशी ठळक साम्य अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या इ. स. पू. ६७२ च्या तहाचेही आहे. साम्य दाखवा, त्यावर तारीख ठोकू नका.

‘सशर्त’ आणि ‘बिनशर्त’ अशा दोन फायली करणे

अब्राहाम आणि दावीद राजा यांच्याशी झालेले करार बिनशर्त, मोशेमार्फत सीनाय डोंगरावर झालेला सशर्त. तक्ता सुटसुटीत दिसतो, पण मजकूर त्यात मावत नाही. अब्राहामालाच १७व्या अध्यायात सांगितले आहे की ज्याची सुंता होणार नाही तो आपल्या लोकांतून छाटला जाईल, आणि तिथे क्रियापद तेच, कापण्याचे. दावीदाच्या घराण्याचे वचन स्तोत्र ८९ मध्ये अढळ आहे, तर स्तोत्र १३२ मध्ये ‘तुझे पुत्र माझा करार पाळतील तर’ असे येते. दोन्ही वाक्ये तशीच राहू द्या. मला तरी ती ओढाताण सोडवण्यापेक्षा सोसणे प्रामाणिकपणाचे वाटते.

तसेच, शब्द नाही म्हणजे करार नाही असेही धरू नका. २ शमुवेल ७ मध्ये ‘ब्रीत’ हा शब्द एकदाही येत नाही, पण स्तोत्र ८९ त्याच वचनाला करार म्हणते.

नवसाला करार म्हणणे

ही आपल्या मातीतली चूक. ‘मुलाला नोकरी लागू दे, मी अमुक करीन’ असे बोलून ‘देवाशी करार केला’ म्हणणारे भेटतात. तो नवस झाला. बायबलमध्येही नवस आहेत आणि त्यांना शब्द वेगळा आहे, ‘नेदेर’. बेथेल येथे याकोब ‘तू मला अन्नवस्त्र दिलेस आणि सुखरूप परत आणलेस तर’ म्हणतो तो नवस, आणि मूल मागणाऱ्या हन्नाचाही नवसच. आपला ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार कराराच्या जास्त जवळ जातो. गणना १८:१९ मध्ये ‘मिठाचा करार’ आहे, कायम टिकणारा.

‘नवा करार’ म्हणजे पुस्तकाचा दुसरा भाग

ग्रीक भाषांतरकारांनी ‘ब्रीत’साठी ‘दियाथेके’ शब्द घेतला, ज्याचा रोजचा अर्थ मृत्युपत्र. लॅटिनमध्ये त्याचे ‘टेस्टामेंटुम’ झाले, आणि पुढे ते पुस्तकांच्या गठ्ठ्यांचे नाव बनले. यिर्मया ३१ मध्ये पुस्तकाचा विषयच नाही. नवा करार इस्राएल आणि यहूदा या घराण्यांशी, आणि नियम लिहायचा तो हृदयावर. प्रभुभोजनाच्या प्याल्याशी ख्रिस्ती लोक तो जोडतात, पण त्यामुळे मूळ पत्त्यावरचे नाव पुसले जात नाही. जुना करार आता इतिहासजमा झाला असे सरसकट म्हणण्याआधी कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची आठवण ठेवा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. मराठी बोलत त्यांनी आठव्या दिवसाची सुंता पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्या विधीच्या हिब्रू नावातच ‘ब्रीत’ आहे.

भाडेकराराचे चित्र डोक्यातून गेले की नाही हे तपासायचे असेल तर यहोशवाचा ९वा अध्याय वाचा. गिबोनी लोक बुरसटलेल्या भाकरी आणि फाटके जोडे दाखवून, आम्ही फार दुरून आलो असे खोटे सांगून करार पदरात पाडून घेतात. तीन दिवसांत बिंग फुटते. १८७२ च्या आपल्या करार कायद्यानुसार फसवला गेलेला पक्ष असा करार रद्द करू शकतो. इस्राएलचे सरदार म्हणतात, आम्ही शपथ वाहिली आहे, आता त्यांना हात लावता येणार नाही. गिबोनी लाकूडतोडे आणि पाणके होऊन जिवंत राहतात. पुढे कितीतरी पिढ्यांनी, दावीद राजा असताना, सलग तीन वर्षे दुष्काळ पडतो. कारण विचारल्यावर उत्तर येते: दावीदाच्या आधीचा राजा शौल याने गिबोन्यांना ठार मारले होते.