डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

नौपाड्यात, राम मारुती रोडवर किंवा तिकडे वाशीत ज्यांनी दुकानाची, क्लासची, घरगुती डब्यांची वेबसाइट करून घेतली आहे, त्यांच्यासाठी ही टीप. वेबसाइट बनवणारा मुलगा बऱ्याचदा डोमेनही (म्हणजे साइटचा डॉट कॉमवाला पत्ता) स्वतःच्याच खात्यातून घेऊन देतो. त्यात लबाडी नसते, सोय असते. पण उद्या त्याने नोकरी किंवा शहर बदललं, तरी नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर जात राहतात. तुम्हाला कळतं ते साइट बंद पडल्यावर.

म्हणून रजिस्ट्रारच्या (ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवलंय तिच्या) खात्यात नोंदणीदार म्हणून तुमचं नाव आणि तुमचा ईमेल आहे ना, ते तपासा. नसेल तर त्या मुलाशी संबंध चांगले असतानाच बदलून घ्या. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, बिल वेगळं, डोमेनचं वेगळं, हेही लक्षात असू द्या.

डॉट कॉमची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि पुन्हा आठवडाभर आधी रजिस्ट्रारने आठवण पाठवावी, असा आयकॅनचा (डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) नियम आहे. मुदत टळून डोमेन रद्द झालं, तरी ३० दिवस ते सोडवता येतं. मात्र त्याचं शुल्क नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा बरंच जास्त असतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतं.

आणि हे फार महत्त्वाचं: रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? साधा जीमेलचा पत्ता द्या.