पन्नाशीनंतर नवे काम शोधताना

वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी २६ वर्षे काढली आणि ५३व्या वर्षी सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिण्याचे काम स्वीकारले. नोकरीची शेवटची काही वर्षे उरली असताना पुढच्या आयुष्याचा विचार करणाऱ्या ठाणे, ऐरोली, वाशी परिसरातील मंडळींना या अनुभवाचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुरुवात आवडीपासून न करता, लोक आपल्याकडे कशासाठी येतात हे पाहण्यापासून करावी. त्यासाठी एक वही घालून दोन महिने नोंद ठेवावी : कोण आले, काय विचारले, किती वेळ गेला आणि ते काम करून उठल्यावर आपल्याला थकवा आला की हुरूप. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जे उत्तम जमते तेच पुढची पंधरा वर्षे करावेसे वाटेल असे नाही.

माझ्या वहीतील एक नोंद सांगते. आमच्या नौपाड्यातील इमारतीचे सेक्रेटरी एका रविवारी कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत विजेची बिले, लिफ्टच्या देखभालीचा करार, पाण्याच्या टाकीच्या सफाईच्या पावत्या आणि दोन पासबुके होती. "वहिनी, जरा बघता का? ३१ जुलैच्या आत ऑडिट व्हायला हवे आणि बँकेची शिल्लक काही केल्या जुळत नाही," असे ते म्हणाले. तीन रविवार बसल्यावर ४,३५० रुपयांचा फरक सापडला : एका सभासदाचा धनादेश न वटता परत आला होता, पण त्याची पावती जमेस तशीच धरलेली होती. ती नोंद दुरुस्त झाली तेव्हा मिळालेले समाधान कारखान्याच्या ताळेबंदाने कित्येक वर्षांत दिले नव्हते, कारण या आकड्यांच्या मागची माणसे मला रोज जिन्यात भेटत होती.

दिशा सापडली तरी राजीनामा लगेच देऊ नये. निदान सहा महिने सुट्टीच्या दिवशी ते काम प्रत्यक्ष करून पाहावे, आणि शक्यतो अनोळखी माणसांसाठी करावे, कारण ओळखीचे लोक चुका पोटात घालतात. याच काळात शिक्षणातील उणीव भरून काढता येते. हिशेबाची आवड असलेल्या पदवीधरांसाठी राज्याच्या सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा उपयुक्त आहे. सहकार कायदा आणि लेखापरीक्षण यांचा तिच्यामुळे पाया पक्का होतो. मात्र ज्या संस्थेचे हिशेब आपण लिहितो, तिचे लेखापरीक्षण आपणच करू नये. ज्यांचे पदवीचे शिक्षण अर्धवट राहिले त्यांना १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे. घरगुती खाद्यपदार्थ विकू इच्छिणाऱ्यांनी पहिल्या ऑर्डरच्या आधीच अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी अनेकांच्या लक्षात येत नाहीत. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. दुसरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची. दहा वर्षे सेवा झालेल्यांना ते पन्नाशीनंतर घेता येते, परंतु ५८ वर्षांना जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. घरखर्चाची सोय असल्यास थांबणेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वर्षाचा घरखर्च वेगळा ठेवल्याखेरीज मी स्वतः राजीनामा दिला नाही, आणि तो आकडा नवऱ्यासमोर व मुलीसमोर कागदावर मांडला, कारण उत्पन्न घटण्याची झळ त्यांनाही लागणार होती.

कामाचे ठिकाण शक्यतो जवळचे निवडावे. सकाळच्या लोकलची गर्दी या वयात अंगावर घेण्यात अर्थ नाही. मोबदला पहिल्याच भेटीत लेखी ठरवावा. 'शेजारधर्म' म्हणून फुकट केलेल्या कामाचे पैसे पुढे मागता येत नाहीत, हे मला उशिरा कळले. आता मी एका पानावर महिन्याची रक्कम, कागदपत्रे कोणत्या तारखेपर्यंत मिळावीत आणि ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी हजर राहणार की नाही, एवढे लिहून अध्यक्ष व सेक्रेटरी या दोघांची सही घेते आणि मगच पिशवी घरी आणते.