सातबारा, फेरफार आणि संगणक: कागद लगेच सापडावा असा कसा ठेवावा

जमिनीचे कागद आता पीडीएफ होऊनच घरी येतात. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, ८अ निघतो, फेरफार निघतो. पुढे पीककर्जाच्या वेळी माणूस लॅपटॉप घेऊन माझ्याकडे तासगावात येतो आणि म्हणतो, "दादा, डेस्कटॉपवरच हाय की." डेस्कटॉपवर तीनशे चित्रं असतात. त्यातल्या सहांचं नाव 'डाउनलोड'.

असले घोळ मी रोज निस्तरतो, म्हणून ही पद्धत लिहून ठेवतो.

आधी डी ड्राइव्हवर 'जमीन' नावाचा एक फोल्डर करा. डी नसेल तर सीवरच करा, पण डेस्कटॉपवर नको. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधल्या तुमच्या खात्याच्या आतला एक फोल्डरच आहे. दुरुस्तीवाल्याने सी फॉरमॅट मारला की तोही गेला. नव्या लॅपटॉपवर तर तो बऱ्याचदा वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याच्या) आत असतो, मग 'डेस्कटॉपवर ठेवलं' म्हणजे नेमकं कुठे, हे मालकालाच ठाऊक नसतं.

आत जिल्हा, तालुका, गाव, गट या क्रमाने फोल्डर करा. (फोल्डर म्हणा, डिरेक्टरी म्हणा, तुमच्या कामापुरतं एकच. लिनक्सवाले डिरेक्टरी म्हणतात, विंडोजवाले फोल्डर.)

आता जिथे सगळे अडतात ती पायरी. मलाही ही कुणी नीट समजावून सांगितली नव्हती.

प्रत्येक फाइलला पूर्ण पत्ता असतो, त्याला पाथ म्हणतात. नुसतं फाइलचं नाव म्हणजे पत्ता नव्हे. आपल्या सांगली जिल्ह्यात खानापूर हा तालुका आहे आणि त्याच तालुक्यात खानापूर गावही आहे. तालुक्याचं ठिकाण मात्र विटा. 'खानापूरचा सातबारा' म्हटलं की तलाठीसुद्धा विचारेल, गाव की तालुका? संगणकाचंही तसंच. म्हणून पत्ता असा दिसतो:

D:\जमीन\सांगली\खानापूर\खानापूर\गट-१४३-२\सातबारा-२०२५-०४-१०.pdf

दोन 'खानापूर' एकाखाली एक आले तरी काही बिघडत नाही, कारण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. एकाच फोल्डरमध्ये मात्र एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. सातबारा पुन्हा उतरवला की ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो ते त्यामुळेच. नव्या-जुन्यातला फरक त्या कंसावरून ओळखायला जाऊ नका. तारीख घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप क्रमाने लागते.

पत्त्यातली ती तिरकी रेघ नीट बघा. दोन फोल्डरांच्या मधली भिंत म्हणजे ती रेघ. विंडोजमध्ये ती उलटी तिरकी असते, मॅक आणि लिनक्सवर सरळ तिरकी. १९८३ साली, विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा सरळ रेघ आज्ञांचे पर्याय लिहिण्यात आधीच गुंतलेली होती, म्हणून विंडोजच्या वाट्याला उलटी आली. भिंतीचं चिन्ह फाइलच्या नावात कसं चालेल? विंडोज सरळ रेघेलाही भिंतच मानतं, म्हणूनच '७/१२' असं नाव ते घेत नाही, आणि 'गट १४३/२' सुद्धा नाही. संगणक बिघडलाय असं समजून लोक तो बंद-चालू करत बसतात. 'सातबारा' अक्षरात लिहा, गटाला आडवी रेघ द्या. विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तारा हेही चालत नाहीत.

नावं आखूड ठेवा. विंडोजमध्ये एरवी अख्खा पत्ता २६० अक्षरांच्या आत बसावा लागतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'सांगली' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणक सहा मोजतो. 'आजोबांच्या नावावरील वारस नोंदीचा फेरफार' असलं नाव फोल्डरला देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पत्ता बघायचा कसा? फाइलवर उजवी क्लिक करून 'कॉपी ॲज पाथ' घ्या आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. विंडोज १० मध्ये उजव्या क्लिकच्या वेळी शिफ्ट दाबून धरावं लागतं. फोनवरून मदत मागताना हाच पत्ता वाचून दाखवा. 'ते निळं चित्र, डावीकडचं' असं सांगितलं तर मला काही कळत नाही.

इथेच दुसरी फसगत: शॉर्टकट. चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर ती फाइल नव्हे, फाइलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे. लोक ती चिठ्ठी पेनड्राइव्हमध्ये टाकून बँकेत जातात. तिथल्या संगणकावर तो पत्ताच नाही, मग काय उघडणार? साइज बघा: एक-दोन केबी दिसली तर ती चिठ्ठी. खरी फाइल शोधायची तर उजवी क्लिक, 'ओपन फाइल लोकेशन'. 'शॉर्टकट केला की बॅकअप झाला' असा सल्ला मी दुकानात कानांनी ऐकला आहे. असं सांगणाऱ्याला पुन्हा विचारू नका.

ओढून टाकणंही सांभाळून. त्याच ड्राइव्हवर ओढलं तर फाइल जागा बदलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर प्रत होते. हा फरक लक्षात राहत नसेल तर ओढूच नका. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही वापरा.

फाइलचा प्रकार दिसावा म्हणून 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा.

शेवटी, अख्खा 'जमीन' फोल्डर महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि तो पेनड्राइव्ह घरीच ठेवा. बँकेत न्यायला वेगळा घ्या. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि तिथला साहेब 'जागा नाही' म्हणत काय पुसेल याचा नेम नाही.