गच्चीवरून गच्चीवर फोटॉन: दिशा न जुळवता किल्ली पाठवायची तयारी

एक्सवाय आणि वायएक्सच्या नोंदी, म्हणजे एका टोकाला एक्समध्ये आणि दुसऱ्याला वायमध्ये मोजलेले फोटॉन, फेकायच्या नाहीत. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, एवढं कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवा. मागच्या खेपेला हेच राहिलं होतं.

लेंग, स्करानी, रॅरिटी आणि ओब्रायन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या, फोटॉनांवरून गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करायचे बिट) पाठवायच्या या पद्धतीत दोन्ही टोकांचं आडवं-उभं जुळवावं लागत नाही. मोजायचे बेसिस (ध्रुवीकरणाच्या जोड्या) तीन: एक्स, वाय, झेड. किल्ली निघते झेडमधून, म्हणजे उजव्या-डाव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणातून. दुर्बीण स्वतःच्या अक्षाभोवती फिरली तरी त्याला फरक पडत नाही. मधे कोणी कान लावून बसलंय का, ते एक्स (आडवं-उभं) आणि वाय (तिरपं) यांच्या चार सहसंबंधांच्या (एक्सएक्स, एक्सवाय, वायएक्स, वायवाय: दोन टोकांचे निकाल किती जुळतात) वर्गांची बेरीज सांगते. तिला सी म्हणतात, आदर्श किंमत २. दुर्बीण २२.५ अंश फिरली की चारही सहसंबंध ०.७ च्या आसपास येतात, सी तरीही २. ४५ अंश फिरली की एक्सएक्स शून्य, वायवाय शून्य, सगळा माल एक्सवाय आणि वायएक्समध्ये. बीबी८४ (किल्ली पाठवायची जुनी, दिशा जुळवावी लागणारी पद्धत) साठी लिहिलेला सिफ्टिंगचा, म्हणजे नोंदी चाळायचा, कोड नेमका तोच कचऱ्यात टाकतो, ‘बेसिस जुळला नाही’ म्हणून. मग ‘सिग्नल तर येऊन राहिला ना’ म्हणत रात्रभर आरसे पुसत बसा! झेडएक्स, झेडवाय खुशाल टाका. एक्सवाय, वायएक्स नाही.

आता झेड. क्वार्टर-वेव्ह प्लेट (सरळ ध्रुवीकरणाचं वर्तुळाकार करणारी) ८५० नॅनोमीटरचीच हवी, कपाटात सापडलेली ६३३ ची चालत नाही. पॉवर मीटरपुढे पोलरायझर पूर्ण फिरवा. रीडिंग सरासरीच्या ०.९ ते १.१ पटीत राहिलं तर ठीक. ४५ अंशातला चांदीचा आरसा वर्तुळाचं अंडं करतो. तसे दोन एकसारखे आरसे लावा, दुसऱ्याचं आपतन-प्रतल (येणारा आणि परतणारा किरण ज्यात असतात ते) पहिल्याला काटकोनात, म्हणजे एकाची चूक दुसरा फेडतो. ‘नॉन-पोलरायझिंग’ म्हणून विकलेला बीमस्प्लिटरही गुपचूप फेज घालतो, त्याच्या नावावर जाऊ नका. झेडमध्ये ९७ टक्के चूक दिसली तर आरशांची संख्या विषम आहे. बिट उलटा करा, विषय संपला. मधे सुटी फायबर नको. फायबरमध्ये वर्तुळाकार टिकत नाही, तिथे झेडसाठी टाइम-बिन (फोटॉन लवकर आला की उशिरा) घ्यावं लागतं.

गच्चीवर जाण्याआधी टेबलावर अख्खा रिसीव्हर ०, २२.५ आणि ४५ अंशांवर फिरवा. सी हलला तर प्लेट किंवा आरसा बघा. ४५ ला धाडकन शून्य झाला तर ऑप्टिक्सला हात लावू नका, कोड बघा. हो, तेच. एक्सवाय.

एका ब्लॉकच्या (एकत्र हिशेब करायच्या नोंदींच्या गठ्ठ्याच्या) वेळात दुर्बीण फिरत राहिली तरी सी घसरतो. ३० अंश फिरली तर २ चा साधारण १.८, १८० फिरली तर काहीच उरत नाही. म्हणून प्रत्येक क्लिकचा टाइमस्टॅम्प ठेवा, ब्लॉक नंतर लहान करता येतो. फार लहानही करू नका: मोजणी थोडी असली की गोंगाटाचाही वर्ग होतो आणि सी फुगतो. २ च्या वर दिसला तर पेढे वाटू नका.

मे महिन्यात नागपुरात दुपारी प्रयोग करायचा हट्ट नको. पत्र्यांवरून बीम नाचतो, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. पहाटे, सूर्योदयाच्या तासभर आधी. डेझर्ट कूलरची ओली हवा आरशांवर सोडू नका.

उरलेलं पटापट. सिग्नल दर पल्सला सरासरी ०.५ फोटॉन, डिकॉय (चोर पकडायचा फसवा पल्स) ०.१, आणि रिकामा पल्स. सहाही डिटेक्टरांची कार्यक्षमता वेगळी असते, ती मोजून तिने आकडे भागा. डार्क काउंट (उजेड नसताना पडणारे क्लिक) झाकण लावून मोजा. टॅगरची (क्लिकची वेळ नोंदणाऱ्या यंत्राची) खिडकी १ नॅनोसेकंद. जीपीएस, यूपीएस, टॉर्च. आणि पहिल्या मिनिटानंतर थांबून फाइल उघडा, एक्सवाय आणि वायएक्सच्या रकान्यांत आकडे आहेत का ते डोळ्यांनी बघा.